पाण्यातले पीक

मुलांनो, ज्वारीचे पीक कसे आहे, हे शेतकऱ्याला बांधावर उभे राहून दिसते. पाने पिवळी पडली, कणसावर कीड आली, पाण्याचा ताण पडला, तर डोळ्यांना लगेच कळते. पण एक पीक असे आहे, की ते पेरल्यापासून काढेपर्यंत डोळ्यांआड असते. काठावर उभे राहून पाहिले तर नुसते पाणी दिसते. हे पीक म्हणजे मासे.

मासे पकडणे आणि मासे पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रात किंवा नदीत निसर्गाने वाढवलेले मासे आपण जाळे टाकून पकडतो. त्याला मासेमारी म्हणतात. मत्स्यपालनात मात्र तळे आपण तयार करतो, त्यात माशांचे बी आपण सोडतो, खत आणि खाद्य आपण देतो, आणि मासे वाढले की आपणच ते काढतो. म्हणून याला मत्स्यशेती असेही म्हणतात. त्यासाठी समुद्र जवळ असावा लागत नाही. मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथेही ही शेती होते. भंडारा आणि गोंदिया हे तर तलावांचे जिल्हे म्हणूनच ओळखले जातात.

तुमच्या गावच्या आठवडी बाजारात बर्फावर ठेवलेले रोहू आणि कटला तुम्ही पाहिले असतील. हे मासे नेहमी जवळच्याच तलावातून आलेले असतात असे नाही. आंध्र प्रदेशात कोल्लेरू सरोवराच्या परिसरात हजारो हेक्टर तळी आहेत. तेथील मासे बर्फात घालून ट्रकने देशभर पाठवले जातात. आपल्या गावात शेततळे असावे, गावतलाव असावा, आणि मासे मात्र शेकडो किलोमीटरवरून यावेत, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. त्यानंतर अनेक शेतांत तळी झाली. त्यांतल्या पुष्कळ तळ्यांत फक्त पाणीच साठवले जाते.

आता पहिला प्रश्न. कोणते मासे पाळायचे? आपल्या देशात गोड्या पाण्याच्या तळ्यांत मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे पाळतात. हे तिघे एकाच तळ्यात राहतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. कटल्याचे डोके मोठे असते आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि तेथे तरंगणारे बारीक जीव खातो. रोहू मधल्या थरात राहतो. त्याचे ओठ झालरीसारखे असतात. मृगळाचे तोंड किंचित खाली झुकलेले असते. तो तळाशी फिरतो आणि कुजलेली पाने व चिखलातले अन्न वेचून खातो. तळे म्हणजे जणू तीन मजल्यांचे घर! तळ्यात नुसता कटलाच सोडला, तर वरच्या मजल्यावर गर्दी होईल आणि खालचे दोन मजले रिकामे राहतील. पूर्व भारतात या माशांना एकत्र पाळण्याची रीत फार जुनी आहे. पुढे या तिघांच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस हे तीन परदेशी मासेही पाळले जाऊ लागले. पण नव्याने शिकणाऱ्याने देशी तिघांपासूनच सुरुवात करावी, असे मला वाटते.

या तिघांची एक अडचण आहे. ते साठलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. अंडी घालण्यासाठी त्यांना पावसाळ्यातली वाहती, फुगलेली नदी लागते. म्हणून पूर्वी गंगेसारख्या नद्यांना पूर आला, की लोक बारीक जाळी लावून माशांची पिल्ले गोळा करत आणि मातीच्या हंड्यांत घालून रेल्वेने दूरदूर पाठवत. त्या पिल्लांत कोणती पिल्ले कोणत्या माशाची, हे ओळखणे कठीण असे. दुसऱ्या माशांना खाणाऱ्या शिकारी माशांची पिल्लेही त्यांत येत. म्हणजे गव्हाच्या बियाण्याबरोबर तणाचे बीही विकत घेतल्यासारखेच ते होते.

ही अडचण १० जुलै १९५७ रोजी दूर झाली. ओडिशातील अंगूल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग यशस्वी केला. माशाच्या मेंदूच्या खालच्या बाजूला एक लहानशी ग्रंथी असते. एका माशाच्या त्या ग्रंथीचा अर्क काढून त्यांनी तो दुसऱ्या माशांना इंजेक्शनने दिला. त्या माशांनी नदीत न जाता साठलेल्या पाण्यातच अंडी घातली. आज खेड्यातल्या शेतकऱ्याला खात्रीचे मत्स्यबीज मिळते, ते या प्रयोगामुळे. म्हणूनच आपल्या देशात १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळला जातो.

माशांच्या पिल्लांना मराठीत मोठी सुंदर नावे आहेत. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात, कारण ती जिऱ्याच्या दाण्यासारखी दिसतात. उर्दूतला ‘जीरा’ आणि मराठीतले ‘जिरे’ एकच. ही पिल्ले वाढून बोटाएवढी झाली की त्यांना ‘बोटुकली’ म्हणतात. येथे बोट म्हणजे पाण्यावर चालणारी बोट नव्हे, तर हाताचे बोट, म्हणजे तुमची ‘उंगली’! पाण्याच्या धड्यात हा शब्द आला, की हमखास घोटाळा होतो. जिरे फार स्वस्त असते, म्हणून नवखा माणूस तेच घेतो. पण जिरे तळ्यात सोडले, तर बेडूक, पाण्यातले किडे आणि इतर मासे त्यातले बहुतेक खाऊन टाकतात. बोटुकली महाग पडते, पण जगते.

बी सोडण्यापूर्वी तळे तयार करावे लागते. आधी तळ्यातले जुने मासे, पाणवनस्पती आणि काटेकुटे काढून टाकतात. मग चुना टाकतात. एक गुंठा तळ्याला साधारण दोन ते अडीच किलो चुना पुरतो. गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर जागा. चुन्यामुळे पाण्याचा आंबटपणा कमी होतो आणि रोगजंतूही कमी होतात. त्यानंतर आठवड्याने शेण टाकतात. चुना आणि शेण एकाच दिवशी टाकू नये. तुम्ही म्हणाल, मासे शेण खातात का? नाही. शेणामुळे पाण्यात डोळ्यांना न दिसणारे हिरवे शेवाळ वाढते. ते शेवाळ बारीक जीव खातात आणि बारीक जीवांना मासे खातात. पाण्याचा रंग हळूहळू फिकट हिरवा होतो. तसा रंग आला, की तळ्यात जेवण तयार झाले असे समजावे.

हा हिरवेपणा किती असावा? त्यासाठी यंत्र लागत नाही. काठावर बसून आपला हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा आणि तळहाताकडे पाहावे. तळहात जेमतेम, अंधूक दिसला, तर पाणी योग्य आहे. कोपर बुडण्याआधीच तळहात दिसेनासा झाला, तर पाणी फार हिरवे झाले आहे आणि शेण टाकणे थांबवले पाहिजे. कोपर बुडाल्यावरही हातावरच्या रेषा स्वच्छ दिसल्या, तर पाण्यात अन्न कमी आहे. पाणी चिखलाने गढूळ असेल तर मात्र ही परीक्षा खरी ठरत नाही.

बी प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते. पिशवीत थोडे पाणी आणि वर प्राणवायू भरलेला असतो. पिशवी आणल्याबरोबर ती फोडून पिल्ले तळ्यात ओतायची घाई करू नका. पिशवीतले पाणी आणि तळ्यातले पाणी सारखे गरम नसते. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग तोंड सोडून तिच्यात तळ्याचे पाणी थोडे थोडे घालावे. शेवटी पिशवी तिरपी करावी. पिल्ले आपली आपण बाहेर पडतील. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन नसताना करावे.

येथपर्यंतचे काम अनेक जण नीट करतात. तरीही काही जणांचे सगळे पीक एका रात्रीत जाते. संध्याकाळी तळे शांत असते आणि सकाळी पाण्यावर पांढरी पोटे तरंगताना दिसतात. गावातले लोक म्हणतात, “कुणीतरी विष टाकले.” कधी कधी शेजाऱ्यावर संशय घेतात आणि भांडण होते. खरे कारण बहुतेक वेळा पाण्यातच असते. ते नीट समजून घ्या, कारण मत्स्यशेतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. दिवसा सूर्यप्रकाशात पाण्यातले हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते. पण रात्री सूर्य नसतो, तेव्हा ते प्राणवायू तयार करू शकत नाही. उलट, माशांप्रमाणे तेही श्वासोच्छ्वास करते आणि प्राणवायू वापरते. तळाशी कुजणारे शेण आणि उरलेले खाद्यही प्राणवायू वापरते. बँकेतल्या खात्यासारखे समजा. दिवसभर जमा आणि रात्रभर खर्च. मग शिल्लक सर्वांत कमी केव्हा असेल? पहाटे, फजरच्या अजानच्या सुमारास. पाणी जितके जास्त हिरवे, तितका रात्रीचा खर्च मोठा. त्यातच दोन-तीन दिवस आभाळ ढगाळ राहिले, तर दिवसाची जमाही कमी होते. अशाच एखाद्या पहाटे खाते रिकामे होते.

मासे मरण्यापूर्वी इशारा देतात. ते पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकतात. निरोगी मासेही वर येतात, पण ते उड्या मारतात, आणि काठावर आपले पाऊल वाजले की झटकन खाली जातात. प्राणवायू कमी पडलेले मासे टाळी वाजवली तरी हलत नाहीत. प्राणवायू संपू लागला की बहुधा मोठे मासे आधी मरतात आणि लहान मासे काही वेळ तग धरतात. पाण्यात विष मिसळले असेल, तर लहान-मोठे सगळेच मासे मरतात, आणि त्यासाठी पहाटेचीच वेळ असावी लागत नाही. एवढा फरक माहीत असला, तरी शेजाऱ्याशी होणारे भांडण टळू शकते.

असे मासे दिसले तर काय करावे? विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पंपाने उंचावरून तळ्यात सोडावे. पाणी हवेतून पडताना प्राणवायू घेऊन पडते. दुसरे पाणी नसेल, तर तळ्यातलेच पाणी पंपाने उचलून पुन्हा तळ्यात उंचावरून पाडावे. पंप नसेल किंवा वीज नसेल, तर काठावरून लांब बांबूने पाणी झोडपत राहावे. सूर्य वर येईपर्यंत हे चालू ठेवावे. त्या दिवशी खाद्य देऊ नये. शेण तर अनेक दिवस टाकू नये. यावरून एक गोष्ट कळते. मासे पाळणारा माणूस रोज पहाटे तळ्यावर गेला पाहिजे. दुपारी जाऊन पाहणाऱ्याला तळे नेहमीच चांगले दिसते.

आता थोडा हिशेब करू. समजा, तुमच्या मामांचे चार गुंठ्यांचे तळे आहे, म्हणजे २० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. त्यात दीड ते दोन मीटर पाणी आहे. एका गुंठ्याला ५० बोटुकल्या, या हिशेबाने २०० बोटुकल्या लागतील. त्यांत ८० कटला, ६० रोहू आणि ६० मृगळ घ्यावेत. यांतले सगळे जगत नाहीत. चांगली काळजी घेतली, तर १५० मासे हाती लागतील असे धरा. वर्षभरात एक मासा पाऊण किलोचा झाला, तर सुमारे ११२ किलो मासे होतात. तुमच्या बाजारातला घाऊक भाव विचारा आणि पुढचा गुणाकार तुम्हीच करा. त्यातून बी, चुना, खाद्य आणि पंपाच्या विजेचा खर्च वजा करायला विसरू नका.

खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, निम्मे निम्मे. तळ्यातल्या सगळ्या माशांच्या वजनाच्या शेकडा दोन ते तीन इतके खाद्य रोज देतात. म्हणजे १५० मासे प्रत्येकी २०० ग्रॅमचे असतील, तर त्यांचे वजन ३० किलो होते आणि रोज ६०० ते ९०० ग्रॅम खाद्य लागते. पण पाण्यातल्या माशांचे वजन कसे कळणार? त्यासाठी महिन्यातून एकदा जाळे टाकून दहा-वीस मासे काढतात, तोलतात आणि लगेच पाण्यात सोडतात. खाद्य उधळून टाकण्यापेक्षा भोके पाडलेल्या पिशवीत भरून बांबूला टांगावे. मासे टोचून टोचून खातात आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत किती उरले, हे आपल्याला दिसते. उरलेले दिसले की दुसऱ्या दिवशी खाद्य कमी करावे. लग्नातला उरलेला भात आणि शिळ्या भाकऱ्या तळ्यात टाकून माशांवर उपकार केले, असे समजणारे लोक आहेत. तो भात तळाशी कुजतो, आणि पहाटे काय होते ते तुम्ही आताच वाचले.

आपल्या कोरडवाहू भागात आणखी एक पेच असतो. शेततळ्यातले पाणी डाळिंबाला, मोसंबीला हवे असते. उन्हाळ्यात बाग वाचवायची की मासे? शेतकरी बागच वाचवील, आणि ते बरोबरही आहे. म्हणून जेथे पाणी मार्चपर्यंतच टिकते, तेथे मोठी बोटुकली सोडावी आणि पाणी मीटरभर उरले की मासे काढून विकावेत. मासे थोडे लहान राहतील, पण हातचे जाणार नाहीत. माशांच्या तळ्यातले पाणी पिकाला दिले, तर त्यात थोडे खतही आपोआप जाते.

आता एक गोष्ट फार लक्ष देऊन वाचा. अनेक शेततळ्यांत पाणी मुरू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्याला अस्तर म्हणतात. या तळ्यांचे काठ उताराचे असतात आणि ओला कागद साबणासारखा निसरडा असतो. त्यावर शेवाळही धरते. एकदा पाय घसरला, तर चांगला पोहणाराही वर चढू शकत नाही, कारण धरायला काहीच नसते. अशा तळ्यांत बुडून मुले मेल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही बुडतो. अशा तळ्यावर कधीही एकटे जाऊ नका आणि पोहायला तर मुळीच उतरू नका. तळ्याला कुंपण असावे. चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर खुंटीला बांधून पाण्यापर्यंत सोडलेले असावेत. हवा भरलेली एखादी जुनी ट्यूब काठावर ठेवलेली असावी. कुणी पडलेच, तर त्याच्याकडे दोर किंवा ट्यूब फेका, मोठ्याने हाक मारा, पण स्वतः पाण्यात उतरू नका. तुमच्या ओळखीच्या कुणाच्या शेततळ्याला दोर नसेल, तर त्यांना जरूर सांगा. मघाशी सांगितलेली हाताची परीक्षा मातीच्या, उथळ काठाच्या तळ्यात, आणि तीही मोठे माणूस जवळ असतानाच करायची आहे.

कीटकनाशक फवारलेला पंप तळ्यात धुऊ नये, हे सांगायला नकोच. आणखी एक मोह टाळावा लागतो. आफ्रिकन मागूर नावाचा मासा घाणेरड्या पाण्यातही जगतो आणि भराभर वाढतो. पण तो इतर मासे खातो, आणि पुराच्या पाण्याबरोबर नदीत गेला तर तेथील आपले मासे संपवतो. म्हणून आपल्या देशात तो पाळायला बंदी आहे.

ज्यांना हा विषय पुढे शिकायचा आहे, त्यांच्यासाठी रत्नागिरीजवळ शिरगाव येथे, तसेच नागपूर आणि उदगीर येथे मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत. बारावीला विज्ञान शाखा घेऊन तेथे पदवीसाठी प्रवेश मिळवता येतो. मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ती १९६१ साली स्थापन झाली. आणि ज्यांना तळे करायचे आहे, त्यांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन मत्स्यबीज कोठे आणि केव्हा मिळेल, हे पावसाळ्यापूर्वीच विचारावे. सगळ्यांना बी एकाच वेळी हवे असते. उशिरा जाणाऱ्याला ते मिळतेच असे नाही.

तुमच्यापैकी मालेगाव, भिवंडीसारख्या शहरांत राहणारे म्हणतील, आमच्याकडे शेत नाही आणि तळेही नाही. तुमच्याकडे सिमेंटचा हौद किंवा जुनी टाकी असेल, तर गप्पी मासे पाळा. हे जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचे मासे डासांच्या अळ्या खातात. म्हणून अनेक नगरपालिकांचे आरोग्य विभाग ते मोफत देतात. हौदाला जाळीचे झाकण असू द्या. गप्पी मासे नदी-नाल्यात मात्र सोडू नका. नळाच्या पाण्यात औषध असते, म्हणून पाणी एक दिवस उघडे भरून ठेवा आणि मगच मासे सोडा. वहीत रोज तारीख घालून लिहा: अळ्या किती दिवसांत संपल्या, पाणी किती हिरवे झाले, मासे केव्हा वर आले. पहाटे उठाल तेव्हा हौदात जरूर डोकावून पाहा. सगळे मासे पृष्ठभागाला चिकटून धापा टाकत असतील, तर निम्मे पाणी काढा आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेले पाणी तांब्याने, उंचावरून, सावकाश ओता.